टाकीत जागा राखणारी शिवकांता

शिवकांता माझी धाकटी जाऊ. तिची तारीफ करायला मला कुणी सांगू नये. सोयऱ्याधायऱ्यात कुठं बी जावा, तिची तारीफ करणाऱ्या बायका ढिगानं सापडतात. एक मी न्हाई केली तर तिचं काय अडत न्हाई. पण तिची खरी हकिकत माझ्याएवढी कुणाला ठावं न्हाई. ज्याच्यावर माणूस जळतंय त्याच्याकडं ते टक लावून बघतंय, आणि मी तिच्याकडं उभा जन्म बघत आले.

दिसायला म्हणाल तर काडी. दात जरा पुढं, केस पातळ. माहेर निलंग्याकडचं, त्यामुळं बोलता बोलता मधीच कानडी येतंय तोंडात. आवाज इतका बारीक की शेजारी बसलेल्यानं बी "काय म्हणलीस?" विचारावं. माझा आवाज मी अंगणात काढला की वेशीतले लोक वळून बघतात. घरचे सणवार मी केले, सासऱ्यांचं शेवटचं दुखणं मी काढलं, आल्यागेल्याच्या भाकरी मी थापल्या. आणि आमच्या सासूबाई पार्वतीबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या चारचौघीत काय सांगायच्या? "माझी धाकटी सून लई गुणाची." कुणी विचारलं, आणि थोरली? तर म्हणायच्या, "थोरली बी हाय की." मी बी हाय! ऐकून अंगाची लाही लाही व्हायची.

आमचं गाव अहमदपूरच्या पलीकडं. लातूर जिल्हा वेगळा झाला तवा आम्ही बसल्या जागी उस्मानाबादचे लातूरचे झालो. कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, नळ तेवढा आला न्हाई. पुढं दुष्काळाची सालं लागली आणि गावोगाव हापसे पाडायचं निघालं. माझे मालक महादेवप्पा गावात किराणा दुकान चालवायचे. धाकटे भावजी गुंडप्पा वेल्डिंग करायचे, त्यांना एका ठेकेदाराच्या बोअरच्या गाडीवर काम लागलं. गाडी म्हणजे एका ट्रकावर जमीन पोखरायचं यंत्र, दुसऱ्यावर हवेचा कंप्रेसर, आणि मागं ताडपत्र्या, पिंपं, माणसं. आज ह्या माळावर मुक्काम, थोड्या दिवसांनी त्या.

शिवकांता पोरीला, सिंधुला, घेऊन नवऱ्याच्या मागं ताडपत्रीत राहायला गेली. मी म्हणलं, "काहून मरायला जातीस माळावर? इथं काय कमी हाय?"

ती म्हणली, "वेल्डिंगनं त्यांचे डोळे सुजतात अक्का. भाकर कोण टाकून देणार?"

बाया म्हणल्या, बघा कसा जीव हाय नवऱ्यावर. माझ्या नवऱ्याचे डोळे सुजत न्हाईत, त्याला मी काय करू?

माळावर तिच्यावर काय बेतलं ते मला नंतर कळालं. बोअरच्या मुक्कामाला सगळी गडीमाणसं. दुष्काळात बाभळी-बोरी तोडून लोकांनी शेरडाला घातलेल्या, आडोसा म्हणून एक झुडूप न्हाई. मायलेकी अंधार पडायची वाट बघायच्या. एकदा दोघी बसलेल्या असताना पाण्याचा टँकर वळणावर आला आणि त्याचा उजेड सरळ सिंधुच्या अंगावर पडला. पोरगी तवा नुकतीच साडी नेसायला लागली होती. तिनं अन्न सोडलं, तोंड लपवून बसली. शिवकांतानं नवऱ्याला एवढंच म्हणलं, "दार असलेलं घर करा, न्हाईतर पोरीला घेऊन मी गावाकडं चालले." तिच्या जन्मात तिनं नवऱ्याला घातलेला हा पहिला शब्द. माझ्या घरात मी रोज दहा घालायची, एक ऐकला जायचा न्हाई.

आणि भावजींनी घर केलं हो! मोडीत निघालेली एक जुनी बस लिलावात घेतली. इंजिन मेलेलं, पण चाकं आणि स्टेरिंग धड. लोखंडी दांडा लावून ती ट्रकाच्या मागं ओढायची, भावजी स्टेरिंगवर बसायचे. आतली बाकडी काढून दोन पलंग केले, चूल केली, भांड्याला फळी केली. मागल्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या, एक मोरी, एक संडास. पांढरंफेक भांडं बसवलं, आणि बसच्या पोटाखाली पत्र्याची टाकी जोडली. मोरीचं बी पाणी तिच्यातच आणि संडासाचं बी तिच्यातच. वासासाठी एक पाईप टपावर काढलेला.

हे सगळं मी कुणाकडनं ऐकलं न्हाई. आमच्याच गावाला हापसा पाडायला बोअरची गाडी आली तवा ती बस माझ्याच दारात येऊन उभी राहिली. सगळं गाव बघायला लोटलं. शिवकांता दारात उभी, आणि बाया एकेक करून चढून राहिल्या, जशी काय जत्रेत आल्यात. माझ्या घरात लग्नाला सुदिक एवढ्या बाया आल्या नव्हत्या.

टाकी कशी चालवायची ते ती समजावून सांगत होती. टाकी लहान, भरली की संपलं, म्हणून तिनं घरात रीत लावलेली. संडासाला एकाला एक टमरेल, जास्त न्हाई. ताटं आधी राखेनं पुसायची, मग ओंजळभर पाण्यानं धुवायची. तांदळाचं धुवण मोरीत ओतायचं न्हाई, शेरडाला घालायचं. लाटणं घेऊन ती खाली वाकली आणि टाकीला हाणून दाखवलं. वरच्या अंगाला टण वाजलं, खालच्या अंगाला धप. "धप जिथपर्यंत वाजतंय तिथपर्यंत भरलीया," म्हणली. मुक्काम हलताना मऊ रान बघून खड्डा खणायचा, बसचा मागला भाग त्याच्यावर आणायचा, टाकीचा वॉल उघडायचा, आणि राख-माती लोटून खड्डा बुजवायचा.

आमच्या गल्लीतली केवळाबाई म्हणली, "आणि हे करतं कोण गं?"

"आम्हीच दोघं."

"लिंगायताच्या सुनेनं हे काम करायचं?"

शिवकांता म्हणली, "घाण आमचीच हाय की वैनी. दुसऱ्यानं काहून काढायची?"

केवळाबाई पदर सावरत खाली उतरली. हे बोलणं माझ्या तोंडी काहून आलं न्हाई, त्याचा राग मला आजपस्तोर हाय.

एक माणूस मात्र माझ्या बाजूचं निघालं. आत्याबाईंनी बसमधी डोकावून बघितलं आणि पदर नाकाला लावला. "शिव शिव! चुलीच्या भिंतीला संडास? आणि ह्याच छपराखाली लिंगाची पूजा करतीस?" आत्याबाई गळ्यातल्या लिंगाला डोक्यावरनं आंघोळ केल्याशिवाय हात लावायच्या न्हाईत. थंडी असो, ताप असो, रीत मोडायची न्हाई. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, त्या दिवशी मी शिवकांताला पुरणपोळी करून घातली.

पण माझा आनंद एका रातीचा. आत्याबाईंचे गुडघे गेलेले. आमच्या घरी संडास नव्हता. गावात कुणाकडंच नव्हता. भल्या पहाटे कुणाच्या तरी खांद्याला धरून त्या ओढ्याकडं जायच्या, आणि दुपार कलली की पाणी बंद करायच्या, म्हणजे दिवसाउजेडी उठायला लागू नये. आम्ही सगळ्याच तसं करायचो, त्यात मला काय वाटायचं न्हाई. तर दुसऱ्या दिवशी उन्हं वर आलेली, म्हातारी काठी टेकत बसपाशी गेली. इकडंतिकडं बघितलं. शिवकांताचा हात धरून वर चढली. पत्र्याचं दार लागलं. कडीचा आवाज मला माझ्या ओट्यापस्तोर ऐकू आला.

उतरली तवा आंघोळ करून, कपाळाला भस्माची ईबत लावून उतरली. तोंड असं उजळलेलं की मला बघवंना.

हापसा पडला, गाडी हलायला लागली, तवा आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. म्हणल्या, "चार दिवस जाऊन येती." भावजींनी बसमधलं एक बाकडं खिडकीपाशी ठेवलेलं होतं, त्याच्यावर त्या तिकीट काढल्यासारख्या ताठ बसल्या. मी दारात उभी. त्यांनी माझ्याकडं बघून हात बी हलवला न्हाई, पुढं बघत होत्या.

चार दिवसांचे चार महिने झाले. हापशावर बाया मला टोचून टोचून विचारायच्या, "म्हातारी बसमधी राहती म्हणं? थोरल्याचं एवढं घर, आणि आईला जागा न्हाई व्हय?" मालकांनी दुकानात हेच ऐकलं असणार, ते जेवताना मान वर करंनात. मला रातीला पोटात दुखायचं. खोटं न्हाई, खरंच पोटशूळ उठायचा. मी त्या बाईची इतकी वर्षं सेवा केली आणि ती एका टमरेलाच्या सोयीसाठी धाकटीकडं गेली? का सोय नुसती निमित्त, आणि जीवच तिच्यावर होता? हे मला कळायला पायजे होतं. येळवस, शेतातल्या पूजेची अवस, तोंडावर आली. येळवसीला शेतात पूजा मांडायची ती घरच्या म्हातारीनं, हे आमच्याकडं ठरलेलं. मी मालकांना म्हणलं, "मी जाते आणि आत्याबाईंना घेऊनच येते. न्हाई आणलं तर नाव सांगणार न्हाई."

बोअरची गाडी तवा नांदेड जिल्ह्यात, बिलोलीच्या अंगाला गेली होती. नांदेडला एसटी बदलली, बिलोलीला उतरले, आणि एका बैलगाडीत बसून त्या माळावर पोचले. माळ म्हणजे नुसता खडक. गवताची काडी न्हाई. मधी ती बस, पलीकडं बोअरची गाडी घुर्र करून राहिली.

खिडकीत आत्याबाई बसलेल्या. हातात ताकाचा तांब्या. गाल भरलेले. सिंधु काय तरी सांगत होती आणि म्हातारी तोंडाला पदर लावून हसून राहिली होती. माझ्या घरात ही बाई कधी हसली होती, मला आठवंना.

"शरणार्थ आत्याबाई," मी म्हणलं. "येळवस आलीया. घरी चला."

"आलीस व्हय गं? बस, पाणी पी." आणि मंग खिडकीबाहेर बघत म्हणल्या, "येळवसीचं बघू. इथं बरं हाय बघ मला."

बघू! मी दिवसभर धक्के खात आले आणि बघू!

शिवकांतानं पाय धुवायला पाणी दिलं, पण एक वाटी. वाटीभर! मी म्हणलं, "लई लाडाची पाव्हणी दिसतीया मी."

तिचं तोंड उतरलं. म्हणली, "अक्का, पाणी भरपूर हाय. बोअरच्या टँकरमधनं दोन पिंपं मिळतात. टाकायला जागा न्हाई." मंग तिनं सांगितलं. ह्या माळाचा सगळा उतार गावाच्या विहिरीकडं. आसपासच्या विहिरी आटल्या, ही एकच जिती. जमिनीचे मालक व्यंकटराव, त्यांनी पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं, बाई, माळावर एक थेंब घाण पाणी सांडू नका, गाव तेच पाणी पितंय. खड्डा खणावा तर खडक. दुसरीकडं नेऊन टाकी रिकामी करावी तर बस ओढायला ट्रक पायजे, आणि ट्रक बोअरला जुंपलेला. बोअर एक कोरडा गेला, दुसरा चालू. गाडी हलल्याशिवाय बस हलत न्हाई. तवर जेवढी जागा टाकीत हाय तेवढ्यात भागवायचं.

तिनं लाटणं घेऊन टाकीला हाणलं. धप. जरा वर हाणलं. तिथं बी धप.

मी मनात म्हणलं, बरं झालं. भरू दे. भरली की म्हातारी आपल्या पायानं माझ्यामागं येती.

सांजच्याला जेवणं झाली. आत्याबाईंनी तांब्याभर पाणी घटघट पिलं आणि वर अजून मागितलं. मी बघतच राहिले. माझ्या घरात दुपारनंतर घोट न घेणारी बाई! थोड्या वेळानं उठल्या, मागं गेल्या, कडी लागली. आणि मंग मोरीत पाणी ओतल्याचा आवाज. एक तांब्या, दुसरा, तिसरा. डोक्यावरनं आंघोळ.

"ह्या टायमाला आंघोळ?" मी शिवकांताला विचारलं.

"जाऊन आल्या की करतात. लिंगाला हात लावायचा असतो न्हवं?"

"दिवसातनं किती बार जातात?"

ती खाली बघून म्हणली, "आता सोय हाय तर जातात दोन-तीन बार. वय हाय त्यांचं."

घरी म्हातारी पहाटे एकदाच जायची, तवा एक आंघोळ पुरायची. इथं सोय झाली तशा खेपा वाढल्या, आणि जेवढ्या खेपा तेवढ्या आंघोळी. सगळं पाणी त्याच टाकीत. मोरीच्या भोकाला बोळा लावून पाणी घमेल्यात भरून घ्यावं, तर आत्याबाई साचलेल्या पाण्यात उभं राहून आंघोळ करीनात, तसल्या आंघोळीनं रीत मोडती. एवढं कळून बी शिवकांतानं त्यांना एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

पहाटे मला जाग आली. दिसायला लागलं होतं जरा जरा. बघते तर शिवकांता आणि सिंधु, दोघी बसमधनं चोरासारख्या उतरल्या. शिवकांताच्या हातात खरकट्या पाण्याची बादली, सिंधुच्या हातात टमरेल. मी म्हणलं, ही निघाली कुठं? काय तरी भानगड हाय. चपला हातात घेतल्या आणि मागं लागले. माळ चढून, चढावाच्या पलीकडं उतरून, पार नाल्यापस्तोर गेल्या. माझा दम निघाला. तिथं शिवकांतानं बादली ओतली, कारण पलीकडचा उतार विहिरीला जात न्हाई. आणि मंग दोघी एका दरडीच्या मागं गेल्या. सिंधु डोक्यावरनं साडी ओढून, चारी बाजूंनी बघत बघत गेली.

माझं टाळकं सरकलं. ज्या पोरीपायी बस केली, ज्या पोरीच्या अंगावर उजेड पडला म्हणून दार केलं, ती पोरगी परत उघड्यावर!

वर आल्या तवा मी पुढ्यात उभी. शिवकांता दचकली.

"कवापासनं?" मी म्हणलं.

"खडकावर आलो तवापासनं. आम्ही तिघं टाकी वापरत न्हाई अक्का. म्हणजे आत्याबाईंना पुरती."

"आणि सांगत काहून न्हाईस त्यांना? दोन आंघोळी कमी करा म्हणून?"

तिनं माझा हात धरला. "सांगू नका अक्का, तुमच्या पाया पडते. त्यांना कळालं की त्या आंघोळ कमी करायच्या न्हाईत. त्या पाणी प्यायचं बंद करतील. मी बघितलंय न्हवं घरी."

माझ्या घरी बघितलं होतं तिनं! एका छपराखाली इतकी वर्षं मी राहिले, माझ्या डोळ्याला ते खुपलं न्हाई आणि हिच्या डोळ्याला खुपलं. ती चालायला लागली, मी तिच्या मागं. चालता चालता माझा राग असा वर चढत गेला की बसपाशी येईस्तोवर मला धरवेना.

"म्हणजे तू देवी व्हायचं!" मी ओरडले. "पोरीला घेऊन नाल्याला जायचं, तोंडातनं ब्र काढायचा न्हाई, आणि वर समद्यांनी म्हणायचं धाकटी लई गुणाची! म्हातारी तिकडं तीनदा पाणी ओतून घेतीया, तुझी टाकी भरलीया, पोरगी उघड्यावर बसतीया, आणि तू गप! सांगत का न्हाईस तिला? आं?"

माझा आवाज मोठा, त्याला मी काय करू? आणि बस पत्र्याची.

बोअरवरचे गडी वळून बघायला लागले. बसच्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. सिंधुकडं बघितलं, तिच्या हातातल्या टमरेलाकडं बघितलं. मंग आत गेल्या, आणि गाठोडं घेऊन बाहेर आल्या.

"महानंदा, चल," म्हणल्या. "येळवस हाय न्हवं? घरी जाऊ."

शिवकांता रडून राहिली होती, पाय धरून राहिली होती. "आत्याबाई, उद्या गाडी हलंल, टाकी मोकळी होईल." आत्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सिंधुला म्हणल्या, "दार लावून घेत जा पोरी. आता तुझंच हाय."

मी जिंकले होते. नांदेडपस्तोर एसटीत मी त्यांना खिडकीची जागा दिली, केळी घेतली, डोक्याखाली माझी पिशवी दिली. गावात उतरलो तवा मुद्दाम मोठ्या रस्त्यानं घेऊन गेले, हापशावरच्या बाया बघू देत म्हणून. येळवसीला शेतात पाच दगडांची पांडवं मांडली, आत्याबाईंनी पूजा केली, अंबील शिंपडली. मालकांनी मान वर करून मला म्हणलं, "बरं केलंस." इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणले.

त्या दिवशी दुपार कलली तसं आत्याबाईंनी पेला पालथा घातला.

मी म्हणलं, "पाणी घ्या की. येळवसीची भाज्यांची भज्जी खाल्लीया, तहान लागंल."

"तहान न्हाई."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ओठ सुकलेले, जीभ फिरवायच्या ओठावरनं, पण तहान न्हाई. आधी बी त्या असंच करायच्या, पण आधी माझं ध्यान नव्हतं. आता माझं ध्यान तिथनं हलंना. बसमधी घटघट पिणारी बाई माझ्या दारात कोरडी बसती, हे मी रोज बघायचं आणि गिळायचं. आणि एका दिवशी मला उमगलं, ह्या माझ्यासाठी आल्याच न्हाईत. शिवकांताच्या टाकीत जागा व्हावी म्हणून आल्यात. माझ्याकडं आल्या त्या बी तिच्यापायीच. माझ्यासाठी कोण कधी तहानलेलं राहिलंय?

मी मालकांपुढं जाऊन उभी राहिले. "परसात संडास बांधायचा."

ते म्हणले, "घराला लागून संडास? लोक काय म्हणतील? पूजेचं घर हाय."

"बसमधी तुमच्या आईची पूजा चालली, परसात काहून चालत न्हाई?"

"दुष्काळ हाय. पुढच्या साली बघू."

बघू! हा शब्द मला तवापासनं सहन होत न्हाई. मी चूल बंद केली. खरंच केली. दोन दिवस दुकानातले फुटाणे खाल्ले त्यांनी, तिसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावणं गेलं. खड्डा असा खणून घेतला की गवंडी म्हणला, बाई, विहीर पाडता का काय? मी म्हणलं, खण तू. मला कुणाला टमरेल मोजून द्यायचं न्हाई. माझ्या घरी ज्याला जेवढं पायजे तेवढं ओतू दे. शेजारी मोरी बांधली, तिचं पाणी पेरूच्या बुडाला काढलं. पत्र्याचं न्हाई, सागाचं दार लावलं. केवळाबाई बघायला आली, गावातल्या समद्या बाया बघायला आल्या. मी दारात उभी राहून दाखवत होते, आणि मला वाटून राहिलं होतं की शिवकांतानं हे बघायला पायजे.

पहिला मान आत्याबाईंचा. मी चुलीवर हंडा चढवला, आंघोळीला कडक पाणी काढलं, नवं पातळ दांडीवर टाकलं. भर दुपारी, उजेडात, माझ्या खांद्याला धरून त्या परसात गेल्या. मी बाहेर पेरूखाली बसले. वेळ लागला. लागू दे म्हणलं. मंग मोरीत पाण्याचा आवाज आला, तांब्यावर तांब्या, मी मनात म्हणत होते ओता, अजून ओता. ईबत लावून बाहेर आल्या. तोंड तसंच उजळलेलं, त्या दिवशी बसमधनं उतरल्यावर होतं तसं. आता म्हणतील. थोरली लई गुणाची, एवढं एकच म्हणायचं होतं, मला दुसरं काय बी नको होतं.

त्या माझ्याशेजारी बसल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"महानंदा," म्हणल्या, "शिवकांताला सांगावा धाड. म्हणावं सिंधुला घेऊन ये. इथं तिला उजेडात जाता येईल."

मी तोंडात पदर कोंबला आणि रडले. मायेनं न्हाई, रागानं. आत्याबाईंना वाटलं मला शिवकांताची आठवण आली, त्या माझी पाठ थोपटत राहिल्या.

सांगावा मीच धाडला. दुसरं कोण धाडणार?